शिल्लक आणि पुरवणी



मोरोपंतांच्या या बारामतीत व्याख्यानाचे निमंत्रण आले असता वाङ्मयाविषयी किंवा इतिहासाविषयी चार शब्द बोलावेत हा शिष्टसंमत मार्ग होय, आणि व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मोठ्या सौजन्याने तसे सुचविलेही होते. परंतु ज्याने उभे आयुष्य वैद्यकाच्या अध्यापनात घालविले त्याने आपल्याला जे ठाऊक आहे तेच सांगावे, या समजुतीने मी हाडांचा विषय निवडला. माझ्या आत्याबाई इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठच्या एका गावी नांदत होत्या. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चढ चढणारी त्यांची ताठ मान माझ्या बालपणीच्या आठवणींत अजून उभी आहे. आणि साठी उलटल्यावर प्रतिवर्षी जराजरा पुढे झुकत गेलेली त्यांची पाठही मी पाहिली. ते पोक म्हणजे म्हातारपणाचे स्वाभाविक लक्षण, असे घरातील सर्वांनी मानले. वस्तुतः पाठीच्या कण्याचे मणके एकामागून एक, कसलाही आवाज न करता, दबून चेपत चालले होते. बहात्तराव्या वर्षी न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडखळून त्या पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, तेव्हा कोठे या गोष्टीला रोगाचे नाव मिळाले.

शस्त्रक्रिया झाली, त्या घरी आल्या, आणि त्यांच्याबरोबर औषधांची एक यादी आली. त्या यादीत ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी होती. ती आठवड्यातून एकदा घ्यावयाची होती. परंतु चिठ्ठीवरचे अक्षर कोणास लागले नाही, औषध देणाऱ्याने समजावून सांगितले नाही, आणि घरच्यांनी भक्तिभावाने रोज सकाळी एक पुडी दुधात कालवून त्यांना पाजली. दिवाळीला मी गेलो तेव्हा आत्याबाईंना अन्नावर वासना नव्हती, शौचास साफ होत नव्हते, तहान भागत नव्हती, आणि मला त्या माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारीत होत्या. देवळीत रिकाम्या पुड्यांची चळत नीट रचून ठेवलेली होती. मी त्या मोजल्या, चाळिसांवर भरल्या. रक्तातील कॅल्शियम मर्यादेच्या पुष्कळ वर गेले होते. शिरेतून सलाईन देऊन, पुड्या बंद करून, काही आठवड्यांनी त्या शुद्धीवर आल्या. कोणाच्या माथी दोष मारावा म्हणून मी हे सांगत नाही. ज्या वस्तूला आपण ‘शक्तीचे’ औषध म्हणतो तिचाही हिशेब असतो, आणि तो हिशेब रोग्याच्या घरापर्यंत पोचविण्याची तजवीज आपल्याकडे नाही, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपल्याकडे ‘हाडांची झीज झाली’ असे म्हणतात, आणि या एका शब्दाच्या पोटात दोन निराळे रोग बिनतक्रार नांदतात. गुडघ्याच्या सांध्यातील कूर्चा झिजते आणि गुडघा दुखतो, तो एक. आणि हाडाच्या आतील जाळी विरळ होत जाऊन हाड ठिसूळ होते, तो दुसरा, ज्याला शास्त्रीय परिभाषेत अस्थिसुषिरता म्हणतात. ‘सुषिर’ म्हणजे पोकळ, छिद्रांचे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मज्जाक्षयाची लक्षणे सांगताना हाडांच्या याच सौषिर्याचा निर्देश आहे. पहिला रोग दुखतो, म्हणून माणूस वैद्याकडे जातो. दुसरा मोडेपर्यंत दुखत नाही, म्हणून कोणी जात नाही. परिणाम असा की, गुडघेदुखीवर कॅल्शियमच्या गोळ्या वर्षानुवर्षे गिळल्या जातात, जेथे त्यांचा उपयोग नाही. आणि जिचे मणके दबत आहेत त्या बाईला कोणी विचारीतही नाही. औषधाच्या दुकानापुढे मांडव घालून टाचेवर यंत्र लावून जी फुकट तपासणी होते, तिने फार तर संशय घेता येतो. निदान करावयाचे तर खुबा आणि कंबर यांची घनता डेक्सा यंत्रावर मोजावी लागते, आणि तरुण निरोगी सरासरीहून ती 2.5 प्रमाण विचलने किंवा त्याहून अधिक खाली असेल तर रोग मानावा, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली ठरवून दिलेली आहे. मात्र साध्या पडण्याने ज्या वृद्धेचा खुबा मोडला, तिच्यासाठी आकड्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

हाड म्हणजे शरीराला उभे धरणारा वासा, ही कल्पना अर्धवट आहे. हाड हा खजिनाही आहे. प्रौढ मनुष्याच्या देहात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्याचे नव्याण्णव टक्के या खजिन्यात जमा असते. उरलेला अत्यल्प अंश रक्तात आणि पेशींत खेळता असतो, परंतु हृदयाचा ठोका आणि स्नायूचे आकुंचन या अंशाच्या आधारावर चालते. म्हणून रक्तातील प्रमाण ढळू द्यावयाचे नाही, हा शरीराचा दंडक. आहारातून आवक कमी झाली की मानेतील परावटू ग्रंथी खजिन्यावर वरात काढतात आणि हाडातून कॅल्शियम उचलले जाते. रक्त तपासले तर सारे आलबेल दिसते. एकीकडे जुने हाड पोखरणाऱ्या पेशी आणि दुसरीकडे नवे रचणाऱ्या पेशी अशी ही अखंड डागडुजी चालू असते. तिशीपर्यंत जमा अधिक, पुढे काही वर्षे बरोबरी, आणि स्त्रीची पाळी गेली की इस्ट्रोजेन या अंतःस्रावाचा लगाम सुटल्याने पोखरणाऱ्यांचा जोर होतो. त्या पाच-सात वर्षांत एखाद्या स्त्रीचे हाड पाचव्या हिश्श्याइतके घटू शकते. गर्भाच्या हाडांसाठी सुमारे तीस ग्रॅम कॅल्शियम आई याच देहातून देते, हेही या खात्यात लिहून ठेवावे.

खजिना कितीचा होता, हे मात्र फार आधी ठरत असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा जो दीर्घ अभ्यास आरंभिला, त्यात सहाव्या वर्षी मुलांच्या हाडांची घनता मोजली असता असे आढळले की, ज्या मातांनी गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळे असे कॅल्शियमयुक्त अन्न वारंवार खाल्ले होते, त्यांच्या मुलांची हाडे अधिक भरीव होती. हा निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाला. आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांची ही साक्ष असल्यामुळे मला ती परदेशच्या दहा पुराव्यांहून मोलाची वाटते.

आता आपल्या ताटाकडे येऊ. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला रोज 1000 मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रीला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. आपल्या भागातील एखाद्या प्रौढ बाईने दिवसभरात दोनशे ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, त्यांचे पन्नास-पंचावन्न मिलिग्रॅम. वाटीभर आमटीचे चाळीस. दोन वेळच्या चहातल्या दुधाचे साठ. शेंगदाण्याच्या चटणीचे आणि कांद्याचे मिळून वीस-तीस. बेरीज दोनशेच्या घरात थांबते. मेथीची भाजी असेल त्या दिवशी ती चारशेपुढे जाईल. म्हणजे एरवी निम्म्याहून कितीतरी अधिक तूट रोजची, आणि ती भरून काढणारा खजिना एकच.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांविषयी मला जे सर्वांत लागते ते हे की, येथे दुधाचा तोटा नाही. नीरा डावा कालवा येऊन शंभर वर्षे केव्हाच उलटली, ऊस आला, वैरण आली, संकरित गाई आल्या, गावोगाव दूध संकलनाची केंद्रे उघडली. पहाटे धार काढणारी बाई, शेण काढणारी बाई, वैरण घालणारी बाई. आणि किटली केंद्रावर गेल्यावर तिच्या वाट्याला चहापुरते दूध, असे मी किती घरांतून पाहिले आहे. दुधाचे पैसे घरात येतात हे खरे, आणि त्यांतून मुलांची शिक्षणे झाली हेही खरे. परंतु दोनशे मिलिलिटरचा एक पेला, ज्यात सुमारे 240 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तो धार काढणारीसाठी आधी काढून ठेवावा, ही प्रथा पडावयास कोणता कायदा आडवा येतो? दुधाखेरीजही मार्ग आहेत. नाचणीच्या साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत दोनशे मिलिग्रॅम भरते. भोगीला बाजरीच्या भाकरीवर थापले जाणारे तीळ हे कॅल्शियमचे कोठारच आहेत, जरी टरफलासकटच्या तिळातील ऑक्झलेटमुळे ते सारे अंगी लागत नाही. तीच अडचण पालकाची. शेवग्याचा पाला, कुळीथ, ताक. आणि जे खातात त्यांना, उजनीच्या फुगवट्यावर भिगवणकडे मिळणारे, काट्यासकट चावून खाता येणारे बारीक मासे. उजनीच्या धरणाने इंदापूरची कितीतरी गावे उठविली. त्या पाण्याने निदान एवढी भरपाई तरी करावी.

अन्नातले कॅल्शियम आतड्यातून आत घेण्यास ड जीवनसत्त्व लागते, आणि ते आपल्या अन्नात जवळजवळ नसतेच. त्वचेवर ऊन पडले की ते तेथेच तयार होते. या ज्ञानाच्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचे एक पान आहे, ते फारसे कोणी वाचलेले नाही. हचिसन आणि शहा या दोन वैद्यांनी नाशिककडे मुडदूस आणि अस्थिमार्दव या रोगांची पाहणी करून 1922 साली ती प्रसिद्ध केली. त्यांना असे दिसले की, पडद्यात राहणाऱ्या सुस्थित घराण्यांतील स्त्रिया आणि मुले, हिंदू असोत वा मुसलमान, उत्तम आहार असूनही या रोगाने ग्रस्त होती. आणि निकृष्ट अन्नावर जगणारी, परंतु दिवसभर उन्हात राबणारी गरीब माणसे त्यापासून मुक्त होती. विलायतेत तेव्हा मुडदूस अन्नाने होतो की अंधाराने, हा वाद जुंपलेला होता, आणि उन्हाच्या बाजूने नाशिकची साक्ष मोलाची ठरली. आज पडदा नाही, परंतु मजल्यावरचे घर, बंद गाडी आणि कचेरीची खोली यांनी त्याची जागा घेतली आहे. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो: आपण ज्या कोवळ्या उन्हाची थोरवी गातो त्यात ड जीवनसत्त्व घडविणारे किरण फारसे नसतात, ते साधारण अकरा ते तीनच्या उन्हात असतात, आणि हातपाय उघडे ठेवून आठवड्यातून काही वेळा पंधरा-वीस मिनिटे त्या उन्हात बसणे पुष्कळ उपयोगी पडते. वृद्धांची त्वचा मात्र हे काम मंदपणे करते, म्हणून त्यांना पुरवणी लागते.

‘पुरवणी’ हा शब्द मी जाणून वापरतो. परीक्षेत पुरवणी मागतात ती मूळ उत्तरपत्रिका भरल्यावर; सरकारही पुरवणी मागण्या मांडते ते अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर. कोरी उत्तरपत्रिका ठेवून पुरवणी लिहिणारा विद्यार्थी जसा कोठे दिसत नाही, तसा ताटाचा हिशेब न मांडता गोळी लिहून देणारा वैद्यही दिसू नये. ताटातून सहाशे मिळत असतील तर पुरवणी सहाशेची. हजार मिळत असतील तर नाममात्र. गोळीच्या वेष्टनावर 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असे छापलेले असते, तेव्हा त्यात खरे कॅल्शियम चाळीस टक्के, म्हणजे 500 मिलिग्रॅम असते. सायट्रेटमध्ये ते एकवीस टक्केच असते. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे, कारण त्याला जठरातील आम्ल लागते. सायट्रेट केव्हाही चालते, आणि ज्यांना आम्लपित्ताच्या गोळ्या नित्य चालू आहेत त्यांना तेच बरे. एका वेळी पाचशेहून अधिक आतडे धड शोषीत नाही. कालव्याचे पाणी जसे पाळीने घ्यावे लागते, तसे हेही विभागून घ्यावे. लोहाची गोळी आणि ही गोळी एकत्र घेऊ नये. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर असावे. ड जीवनसत्त्व साठीपुढे रोज 800 युनिट पुरते. उणीव सिद्ध झाली तर साठ हजारांची पुडी आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे, आणि नंतर वैद्याच्या सांगण्याप्रमाणे महिन्यातून एक. कानांना हे आकडे रुक्ष लागतील, तरी ते प्रत्येक घरातील देवळीपर्यंत गेले पाहिजेत.

या पुरवणीने हाडे मोडण्याची थांबतात काय? जगातील थोर प्रयोगांनी याचे उत्तर एका शब्दात दिलेले नाही. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतील 3,270 स्त्रियांवरील प्रयोगात, ज्यांना रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 800 युनिट ड जीवनसत्त्व दीड वर्ष दिले त्यांचे खुब्याचे अस्थिभंग 43 टक्क्यांनी कमी भरले, असे 1992 साली जाहीर झाले. याच्या उलट अमेरिकेत 36,282 स्त्रियांवरील, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हाडाची घनता किंचित सुधारली, अस्थिभंग निश्चितपणे घटले असे म्हणता आले नाही, आणि मुतखडे मात्र 17 टक्क्यांनी वाढले. 2022 साली पंचवीस हजारांवर लोकांच्या प्रयोगात रोज 2000 युनिट ड जीवनसत्त्वाने काहीच फरक पडला नाही. मला यात विरोध दिसत नाही. फ्रान्समधल्या त्या वृद्धा उन्हाला पारख्या होत्या आणि त्यांच्या अन्नात तूट होती; अमेरिकेतल्या बहुतेकांच्या ताटात मुळातच पुरेसे होते. भरल्या आडात आणखी घागरी ओतून पाणी वाढत नाही. आपल्या खेड्यातील म्हातारी या दोहोंपैकी कोणाच्या जवळ आहे, हे निराळे सांगावयास नको.

अधिकस्य अधिकं फलम् हा न्याय येथे चालत नाही, हे नीरेच्या खोऱ्याला वेगळे शिकवावे लागू नये. कालव्याचे पाणी आले तेव्हा ते जितके अधिक तितके पीक अधिक, असे मानून शेते तुडुंब भरली गेली. निचरा नसल्यामुळे खालचे क्षार वर आले आणि काळ्या कसदार जमिनी पांढऱ्या फटफटीत पडल्या. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींवर 1910 साली जी पुस्तिका लिहिली, तिचा विषय हाच. माझ्या आत्याबाईंच्या देहात जे झाले ते याच जातीचे होते: वाहून न गेलेला क्षार. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील 2,256 स्त्रियांवरच्या प्रयोगात वर्षातून एकदाच पाच लाख युनिटांची मात्रा सोयीसाठी दिली गेली. 2010 साली जाहीर झाले की, त्या स्त्रिया अधिक पडल्या आणि त्यांची हाडे अधिक मोडली.

मॅग्नेशियम, जस्त, बोरॉन, के जीवनसत्त्व यांच्या मिश्रणाच्या महागड्या गोळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. ज्वारी-बाजरी, डाळी आणि पालेभाजी खाणाऱ्यास यांतील बहुतेक द्रव्ये अन्नातून मिळतात, आणि गोळीने अस्थिभंग टळतात याचा पुरावा तोकडा आहे. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी ज्यांना चालू आहे त्यांनी तर के जीवनसत्त्व विचारल्यावाचून घेऊच नये. त्याच पैशांत डाळ आणि अंडी आणावीत, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो आणि खनिज त्यावर चढते. शुद्ध शाकाहारी वृद्धांनी ब-12 जीवनसत्त्व तपासून घ्यावे. ते उणे असेल तर पायांची जाणीव बोथट होते आणि तोल जातो. सांधेदुखीवर किंवा दम्यावर ‘एका दिवसात गुण’ देणारी बेनावाची पुडी कोणी देत असेल तर तीत स्टिरॉइड असण्याचा संशय धरावा, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड हाडे पोखरते. आणि रोग एकदा सिद्ध झाला, खुबा किंवा मणका मोडला, तर नुसत्या पुरवणीवर विसंबणे हा अपराध होय. तेथे बिस्फॉस्फोनेटसारखे खरे औषध लागते: आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावयाची गोळी, किंवा वर्षातून एकदा शिरेतून सोडावयाचे औषध. त्या औषधांचे प्रयोगही कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या जोडीनेच झालेले आहेत. पाया हवाच, परंतु पायालाच घर म्हणू नये.

आता ज्यांच्याविषयी बोलण्यासाठी मी खरोखर येथवर आलो, त्यांच्याकडे वळतो. दसरा उलटला की मराठवाड्यातून आणि नगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या या दोन्ही तालुक्यांत उतरतात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’; मुकादमाकडून उचल घेतलेली; फडाच्या कडेला खोपी. पहाटेच्या अंधारात लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवून, डोके-कान बांधून बाई उसाला भिडते, आणि पुढे तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची जी माहिती आली, तीत 13,861 स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती, आणि त्यांत अनेक चाळिशीच्या आतल्या होत्या. या आकड्यावर पुष्कळ बोलले गेले; त्याच्या हाडांवरील परिणामाविषयी फार थोडे. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले असतील तर त्या दिवसापासूनच हाडांचा लगाम सुटतो. ते ठेवले तरी पाळी जाण्याचा काळ अलीकडे सरकण्याचा संभव असतो. म्हणजे पस्तिशीच्या बाईच्या देहात पंचावन्नाचा कणा, आणि त्यावर चाळीस किलोची मोळी. भार पडल्याने हाड बळावते, हे युलियस वोल्फने 1892 साली मांडलेले तत्त्व मी वर्गात कितीदा शिकविले. पण जेथे रचणारी सामग्रीच नाही तेथे भार बळ देत नाही, मोडतो.

गरोदर स्त्रीला चौदाव्या आठवड्यापासून आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज पाचशेच्या दोन कॅल्शियम गोळ्या द्याव्यात असा केंद्र सरकारचा 2014 पासूनचा दंडक आहे, आणि आशाताई त्या घरपोच नेतात. बाई माता होणार असेपर्यंत तिच्या हाडांची काळजी सरकारदरबारी आहे. गर्भाशय गेले की तिचे नाव त्या यादीतून उतरते. ही गोष्ट मला सहन होत नाही. त्याच गोळ्या, त्याच आशाताई, तोच दवाखाना. फक्त यादीत एक वर्ग वाढवावयाचा. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे कारखाने आहेत, आणि प्रत्येक टोळीची नोंद हंगामाच्या आरंभी होतच असते. त्या नोंदीच्या वेळी प्रत्येक बाईला चार प्रश्न विचारावेत: पाळी कोणत्या वर्षी गेली, आपोआप गेली की शस्त्रक्रियेने, बीजकोश राहिले की काढले, आणि साध्या पडण्याने आजवर कोणते हाड मोडले. ज्यांची उत्तरे संशय उपजवितील त्यांना पुरवणी त्याच दिवशी, मात्रा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून. आणि तपासणी हंगाम संपण्यापूर्वी.

या चार रकान्यांची एक वही मी आखून, छापून आणली आहे. पाचशे पाने आहेत, डाव्या हाताला गावाचे नाव, उजव्या हाताला दिलेल्या पुड्यांची संख्या लिहावयाची जागा. ती अध्यक्षमहाराजांच्या मेजावर ठेवतो. माझ्या आत्याबाईंचे नाव पहिल्या ओळीवर मी स्वतः लिहिले आहे. दुसऱ्या ओळीपासून ती आपली आहे.